कातडं कोण कमावतं, पैसे कोण

सुकापूरच्या नाक्यावर रिक्षातून उतरताना बॅगेचा पट्टा तुटला आणि डबा, छत्री, दोन फायली असा माझा सगळा संसार रस्त्यावर आला. पावसाळा नुकताच संपला होता, त्यामुळे चिखल नव्हता, एवढंच नशीब. बॅग घेऊन जेमतेम चौदा महिने झाले होते. एका मोठ्या मॉलमधल्या चकचकीत दुकानातून घेतलेली, ३,४०० रुपयांची. आत शिवलेल्या पट्टीवर सोनेरी अक्षरात 'अस्सल लेदर' असं इंग्रजीत छापलेलं.

नाक्यापासून थोडं आत गटईकाम करणारे एक काका बसतात. समाजकल्याणकडून पूर्ण अनुदानावर मिळणारे पत्र्याचे स्टॉल असतात ना, तसला स्टॉल, दाराला संत रोहिदासांचं चित्र. काकांनी पट्टा हातात घेतला, तुटलेल्या कडेवर रापीचं टोक टेकवलं आणि कांद्याची साल काढावी तसा वरचा पापुद्रा सोलून दाखवला. खाली करडं, पुठ्ठ्यासारखं काहीतरी निघालं.

"ताई, हे चामडं न्हाई. चामड्याचा चुरा हाय. डिंकानं थापलाय, वरनं रंगाची पट्टी मारलीय."

मग शेजारच्या डब्यातून त्यांनी चार बोटं रुंदीचा एक तुकडा काढला, त्याची कड कापली आणि उजेडात धरली. वरच्या बाजूला धागे इतके दाट की एकजीव दिसत होते. खाली येता येता ते मोकळे होत गेले होते, उसाच्या चिपाडासारखे. चामडं पाठीवरून ओळखायचं नसतं, कडेवरून ओळखायचं असतं, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

"हे तुकडे आणता कुठून?"

"धारावीतनं. किलोवर मिळत्यात."

किलोवर. हा शब्द डोक्यात राहिला. भाजी किलोवर, रद्दी किलोवर, तसं चामडंही? हा लेख सुकापुरात सुरू होतो तो एवढ्याचसाठी. काकांच्या डब्यातला तुकडा जिथून आला तिकडे उलट्या दिशेने चालत जायचं, असं मी ठरवलं.

* * *

आधी ज्या रस्त्यावर बॅग तुटली त्या रस्त्याबद्दल. नवीन पनवेलहून सुकापूर, नेरे करत धोदाणीच्या बाजूला जाणाऱ्या या रस्त्याला इकडे सगळे माथेरान रोडच म्हणतात. स्वच्छ हवेत समोर माथेरानचा डोंगर दिसतो. त्याच डोंगरावर पलीकडच्या नेरळच्या बाजूने चढणारी छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ती बांधली, आणि त्यासाठी लागलेले सोळा लाख रुपये त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याचे होते. आदमजींचा पैसा कापडगिरण्यांचा, ब्रिटिश फौजेला पुरवलेल्या तंबूंचा आणि चामड्याचाही. धारावीतली वेस्टर्न इंडिया टॅनरी त्यांचीच. पर्यटक आजही ज्या गाडीत बसून भुट्टा खातात तिच्या रुळांत थोडासा वाटा धारावीच्या कातड्याचा आहे, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

कातडं आणि चामडं हे दोन शब्द आपण सरसकट वापरतो. धंद्यातला माणूस तसं करत नाही. जनावराच्या अंगावरून उतरतं ते कातडं; ते चोवीस तासांत सडायला लागतं. प्रक्रिया होऊन जे टिकतं ते चामडं. आणि या दोन्हींच्या मधल्या क्रियेला मराठीत नाव आहे 'कमावणे'. कातडं कमावतात, शरीर कमावतात, नाव कमावतात, पैसेही कमावतात. कच्च्या गोष्टीला टिकाऊ करायचं आणि त्याचा मोबदला मिळवायचा, दोन्हींना आपल्या भाषेने एकच क्रियापद दिलं. पण ज्यांनी कातडं कमावलं त्यांनी पैसे कमावले, असं मात्र क्वचितच झालं.

गावगाड्यात ही साखळी जातीनेच बांधलेली होती. मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम महारांच्या माथी, कातडं कमावण्याचं ढोरांच्या आणि त्याच्या वहाणा, मोटा, पखाली शिवण्याचं चांभारांच्या. मोबदला बलुत्याच्या धान्यात. शेतीला विहिरीचं पाणी चामड्याच्या मोटेशिवाय मिळत नसे, म्हणजे सगळा बागायती माळवा या तिघांच्या हातांवर उभा. पण हात लावला की विटाळ. आमच्याच रायगड जिल्ह्यात, महाडला, १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचं आवाहन केलं आणि पुढच्या काळात गावोगावच्या महारांनी मेलेली ढोरं ओढायला नकार दिला. व्यवस्थापनाच्या भाषेत सांगायचं तर साखळीच्या पहिल्याच कडीने काम बंद केलं. का केलं, हे त्या भाषेत सांगता येत नाही.

हार्वर्डच्या मायकेल पोर्टर यांनी १९८५ च्या पुस्तकात 'व्हॅल्यू चेन' ही कल्पना मांडली. कच्चा माल आत येण्यापासून विक्रीनंतरच्या सेवेपर्यंत उद्योगाची एकेक पायरी सुटी करून बघायची आणि कुठल्या पायरीवर मोल वाढतं ते तपासायचं. मराठीत आपण तिला मूल्यसाखळी म्हणतो. कल्पना कामाची आहे. फक्त तिच्यात एक प्रश्न सहज निसटतो: मोल जिथे वाढतं, तिथेच ते राहतं का?

* * *

पनवेल लोकल, कुर्ल्याला बदल, मग शीव. तिथून धारावीच्या मुख्य रस्त्याला लागलं की चामड्याच्या वस्तूंच्या दुकानांची रांग दिसायला लागते: जॅकेटं, पाकिटं, ट्रॉली बॅगा. नवख्या माणसाला वाटतं, इथेच मागे कुठेतरी कातडी कमावत असतील. तसं आता राहिलेलं नाही.

कातडी कमावण्याचा धंदा धारावीत आला तो खाडीपलीकडच्या वांद्र्याच्या कत्तलखान्यामुळे. ओलं कातडं लांब नेता येत नाही. त्यात पाणी आणि ओसाड जागा दोन्ही हाताशी. तिरुनेलवेलीकडचे तमिळ मुस्लिम व्यापारी आले, त्यांच्यामागोमाग तमिळ कामगार आले, घाटावरचे चर्मकार शिवणकामाला आले, नंतर उत्तर प्रदेश-बिहारचे कारागीर आले. १९७१ मध्ये कत्तलखाना देवनारला गेला. पुढे प्रदूषणाचे नियम आले आणि कमावण्याचं काम धारावीतून उठलं. राहिली ती कापण्याची आणि शिवण्याची कला. नाव चामड्याचं आणि चामडं बाहेरगावचं, अशी धारावीची आजची स्थिती आहे.

ज्या कारखान्यात मी दोन दिवस बसले तो एका गल्लीत, तीन मजले, वर जायला लोखंडी शिडी. मालक साताऱ्याकडचे, तिसरी पिढी. आजोबा चपला शिवायचे, वडील पट्टे करायचे, हे ऑफिस बॅगा, लॅपटॉपची आवरणं आणि पाकिटं करतात. कामावर तीसच्या आसपास माणसं, दिवाळीच्या आधी पन्नास. धंद्यात अशा कारखान्याला मध्यम म्हणतात. एका मशीनवर नवराबायको काम करतात तो लहान, आणि निर्यातीचे शेकडो कामगारांचे कारखाने ते मोठे. सरकारी व्याख्या वेगळी आहे. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत १२५ कोटींपर्यंत गुंतवणूक आणि ५०० कोटींपर्यंत उलाढाल असली की उद्योग मध्यम. १० कोटींच्या आतली उलाढाल असेल तर सूक्ष्म. मालकांना हे सांगितलं तर ते हसले. "म्हणजे आम्ही सरकारला दिसतच नाही. भिंगातून बघायला लागतं."

मी माझी तुटकी बॅग त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उलटी केली, आतली शिवण बोटाने चाचपली आणि म्हणाले, "शिलाई मात्र झकास आहे हो. टाके बघा कसे एकसारखे. ज्याने शिवली त्याने ती खरं चामडं समजूनच शिवली."

मला वाटलं होतं, मोलाची खरी वाढ शिलाईवर होत असेल. मशीनचा आवाज, झुकलेल्या माना, छायाचित्रकार टिपतात ते दृश्य तेच. प्रत्यक्षात कारखान्याचा नफा-तोटा त्याआधीच, कटिंगच्या टेबलावर ठरून जातो. ते टेबल तळमजल्यावर एकाच ट्यूबलाइटखाली आहे आणि त्यावर एकच माणूस काम करतो. सगळे त्याला मास्टर म्हणतात.

मास्टरने चामड्याचं एक पूर्ण पान टेबलावर पसरलं. म्हशीचं, काळपट तपकिरी. मागच्या बाजूला निळ्या शाईचा आकडा: २२ आणि त्याच्या डोक्यावर बारीकसा २. म्हणजे साडेबावीस चौरस फूट. टॅनरीतलं मोजणी यंत्र पाव-पाव फुटाचा हिशोब लावतं आणि शिक्का मारतं. चामडं फुटावर विकलं जातं, आणि जनावर काही चौकोनी नसतं. पायांचे कोपरे, शेपटीची टोकं, पोटाची वेडीवाकडी कड, सगळ्याचे पैसे मोजलेले असतात.

कापण्याआधी तो पाच मिनिटं नुसता हात फिरवत राहिला. मग खडूने खुणा करत मला वाचून दाखवू लागला, ज्योतिषी हात वाचतो तसा. मानेवरच्या या सुरकुत्या. हा जाड घट्टा म्हणजे जू. गाडीला जुंपलेला रेडा होता. मागच्या बाजूला या बारीक टोचण्या पराणीच्या. हे ठिपके गोचिडांचे. ही लांब रेघ काट्याच्या कुंपणाची. जनावराचं सगळं आयुष्य त्या साडेबावीस फुटांत उमटलेलं होतं आणि मास्टरला त्यातून पाच बॅगांचे दर्शनी भाग शोधायचे होते.

पाठीचा भाग सगळ्यात घट्ट. तिथून झाकण आणि समोरची बाजू. पोटाकडचं चामडं ओढलं की ताणतं, ते पट्ट्याला कधीच नाही, आतल्या कप्प्याला चालतं. मान जाड असते, तळाला बरी. एक साचा ठेवला, सरकवला, फिरवला, पुन्हा उचलला. जू लागलेली जागा दोन साच्यांच्या मधल्या फटीत अशी बसवली की ती कुठल्याच तुकड्यावर येणार नाही. मग रापी चालली.

मालकांनी हिशोब सांगितला तो समजायला सोपा जावा म्हणून मी गोल आकड्यांत मांडते. समजा चामडं १०० रुपये फूट. समजा एका बॅगेला नुसत्या तुकड्यांचं क्षेत्रफळ आठ फूट भरतं. हुशार मास्टर ते दहा फुटांत बसवतो, नवशिका अकरा फुटांत. फरक एका बॅगेमागे १०० रुपयांचा. पाचशे बॅगांच्या ऑर्डरीत ५०,००० रुपये. शिलाईत कितीही घाई करून हे पैसे परत मिळत नाहीत. म्हणून मालक महिनाभर गावी गेले तरी कारखाना चालतो, मास्टर चार दिवस तापाने पडला की थांबतो. त्याचा पगार इथे सगळ्यात जास्त, आणि तो महिन्याचा. बाकी कारागीर नगावर. मास्टरला नगावर ठेवलं तर तो भराभर कापेल आणि चामडं वाया जाईल. पगार कसा द्यायचा यातसुद्धा साखळीचं शहाणपण असतं, आणि ते कुठल्या पुस्तकातून आलेलं नाही.

उरलेले तुकडे टेबलाखालच्या गोणीत जातात. पाकिटाच्या आतल्या कप्प्याइतका तुकडा असेल तर वेगळा, किल्ल्यांच्या साखळीपुरता असेल तर वेगळा. बाकीची गोणी वजनावर जाते. सुकापूरच्या काकांचा 'किलोवर' तो इथला. पाच मिनिटांपूर्वी जे चामडं पाव फुटाच्या हिशोबाने मोजलं जात होतं, ते रापीच्या एका रेघेने भंगार झालं. या धंद्याची ही गंमत मला फार आवडली: प्रत्येक कडीवर मोजमाप बदलतं. कातडं नगावर, चामडं फुटावर, बॅग पुन्हा नगावर, उरलेलं किलोवर. आणि शोरूममध्ये गेलं की नावावर.

वरच्या मजल्यांवरचं काम भराभर बघून झालं. कडा तासून पातळ करायच्या, त्याला स्कायव्हिंग म्हणतात, सोल्युशन लावून दुमडायचं, अस्तर आणि फोम, मग शिलाई, शेवटी कडेला रंग, वाळवायचा, घासायचा, पुन्हा रंग. चेन, बकल, रिव्हेट बाहेरून येतं. अनेक कामं कारखान्यात होतच नाहीत. ती चार घरं सोडून दुसऱ्या खोलीत जॉबवर्कने होतात. एका गल्लीत तासणारा, दुसऱ्या गल्लीत ठसे मारणारा, तिसरीकडे पेट्या करणारा. मोठ्या उद्योगांत ही खाती एका छपराखाली असतात, इथे ती पाच मिनिटांच्या अंतरावर आहेत. आता धारावीचा पुनर्विकास व्हायचा आहे; तो करणाऱ्या कंपनीत अदानी समूहाचा ८० टक्के आणि राज्य सरकारचा २० टक्के वाटा आहे. कारखान्याला किती चौरस फूट जागा मिळणार यावर धारावीत रोज वाद चालतो. माझ्या मते, त्याहून मोठा प्रश्न तासणारा आणि ठसेवाला पुन्हा पाच मिनिटांवर येणार का, हा आहे.

* * *

चामडं येतं कुठून? चेन्नईकडून, कानपूरच्या जाजमऊमधून, कोलकात्याच्या बानतळ्यातून. तमिळनाडूत राणीपेट, आंबूर, वाणियंबाडी हा पट्टा त्यासाठी प्रसिद्ध. कातडं मिठात येतं, मग भिजवणं, चुना, केस आणि मांस काढणं, आणि क्रोमच्या पिंपात घातलं की आकाशी निळं होऊन बाहेर येतं. त्याला वेट ब्लू म्हणतात. टनभर मिठातल्या कातड्यातून शेवटी पाव टनाच्या आसपासच चामडं निघतं. बाकीचं पाणी, चरबी, छाटण आणि गाळ होऊन तिथेच राहतं. वेल्लोरच्या पालार नदीचं जे झालं त्यावरूनच सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९९६ मध्ये प्रदूषण करणाऱ्यानेच त्याची किंमत मोजावी हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचं सांगितलं. आपल्या हातातली मऊ बॅग ही कुणाच्या तरी नदीच्या खर्चाने मऊ झालेली असते, आणि हा खर्च कुठल्याही बिलात येत नाही.

साखळी लांब असली की एका टोकाचा झटका दुसऱ्या टोकाला बसतो. प्रयागराजच्या कुंभासाठी गंगा स्वच्छ राहावी म्हणून डिसेंबर २०१८ ते मार्च २०१९ या काळात जाजमऊच्या टॅनऱ्या बंद ठेवायचे आदेश निघाले. स्नान तिकडे आणि कटिंगचं टेबल रिकामं इकडे.

महाराष्ट्रातला मोठा झटका मात्र मार्च २०१५ चा. १९७६ च्या कायद्यात गोहत्याबंदी होतीच; दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली; परराज्यातून आणलेलं गोमांस बाळगण्याला गुन्हा ठरवणारा भाग तेवढा रद्द केला. कातड्याच्या बाजाराला अर्थ एकच उरला: म्हैस, शेळी, मेंढी. मालक म्हणाले, "भीती जास्त महाग पडली. म्हशीचं चामडं कायद्यात बसतं, पण टेम्पोवाला रात्री माल भरायला तयार होईना. रस्त्यात कोण अडवेल आणि काय विचारेल, त्याला काय माहीत?" गल्लीतल्या काहींनी तेव्हाच चामडं सोडून रेक्झिन धरलं. सुधीर राजभर यांनी उभा केलेला 'चमार स्टुडिओ' याच काळातला. त्यांनी धारावीच्या चर्मकार कारागिरांना घेऊन टायर-ट्यूबच्या रबरापासून पिशव्या केल्या आणि जे नाव शिवी म्हणून वापरलं जायचं तेच ब्रँड म्हणून लावलं. माझ्या पाहण्यात या साखळीतला हाच एक असा उद्योग, ज्याने पहिल्या कडीचं नाव शेवटच्या कडीवर आणलं.

नावाची किंमत काय असते ते जून २०२५ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. मिलानच्या शोमध्ये प्राडाच्या मॉडेल्सच्या पायांत कोल्हापुरी दिसली आणि तिचं वर्णन नुसतं चामडी सँडल असं होतं. खरं तर कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं: आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे. आरडाओरड झाली, कंपनीने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून प्रेरणा मान्य केली, आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून इथेच २,००० जोड बनवून घेण्याचं जाहीर केलं. एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये उभं राहून हा आकडा मनात रुपयांत करून बघावा. म्हशीचं कातडं तेच, बाभळीची साल आणि हिरडा तोच, वेणी घालणाऱ्या बाईची बोटं तीच.

* * *

नाव हा एक भाग झाला. दुसरा भाग कॅलेंडरचा. तो मला मालकांच्या टेबलावरच्या लाल वहीत दिसला.

चामड्याच्या व्यापाऱ्याला पैसे रोख किंवा पंधरा दिवसांत. कारागिरांना दर शनिवारी. बकलवाल्याला महिन्याने. आणि ज्यांना माल दिला ती मंडळी? दिवाळीच्या भेटी म्हणून एका बड्या कंपनीने लॅपटॉपची आवरणं घेतली. माल ऑक्टोबरात पोचला, कर्मचाऱ्यांनी त्यावर नाव कोरलेलं बघून फोटो टाकले, आणि बिल फेब्रुवारीत निघालं. समजा दहा लाख रुपये साठ दिवस जास्त अडकले आणि बाजारातून दीड टक्का महिन्याने पैसे उचलावे लागले, तर तीस हजार रुपये गेले. मास्टरने फुटाफुटाने वाचवलेले पैसे असे दिवसादिवसाने निघून जातात. धारावीचा मध्यम कारखाना कागदावर बॅगा बनवतो. वही बघितली तर तो आपल्यापेक्षा शंभरपट मोठ्या कंपन्यांना बिनव्याजी कर्ज देतो.

कायदा नाही असं नाही. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट, तेही दर महिन्याला चक्रवाढीने व्याज. २०२३ च्या वित्त कायद्याने आणखी एक चिमटा आणला: १ एप्रिल २०२४ पासून, मुदतीत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याखेरीज आयकरात दाखवता येत नाही. यात सरकारी व्याख्येतले मध्यम उद्योग मात्र नाहीत. लघु होता तोवर पाठीशी कायदा, वाढून मध्यम झालात की आपलं आपण बघा.

"तक्रार केली का कधी?"

त्यांनी वही मिटली. "ताई, एकदा तक्रार केली की पैसे मिळतात. पुढची ऑर्डर मिळत नाही."

मी काही वेळ गप्प बसले. या धंद्याबद्दल मला जे सांगायचं आहे ते याच वाक्यात आलं. चर्चा नेहमी कारागिराच्या कौशल्याची होते. प्रशिक्षण द्या, डिझाइन शिकवा, यंत्रं द्या. कौशल्य तिथे ओसंडून जातंय. नाहीये ते दोन ठिकाणचं बळ: आपलं नाव मालावर लावण्याचं आणि आपले पैसे वेळेवर मागण्याचं. १९७८ मध्ये पुद्दुचेरीत दिलीप कपूर यांनी दोन माणसांच्या कार्यशाळेपासून हायडिझाइन सुरू केलं, तेव्हा यंत्रं तिथेही साधीच असणार. त्यांनी बॅगेवर स्वतःचं नाव लावलं. धारावीतून त्याच दर्जाचा माल गेली कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या नावाने बाहेर पडतो आहे. संत रोहिदासांच्या नावाचं आपलं महामंडळ १९७४ पासून आहे. त्याने पत्र्याचा स्टॉल आणि कर्ज यापलीकडे जाऊन अशा कारखान्यांची बिलं आधी वटवून द्यायची सोय केली, तर मला वाटतं एका प्रदर्शनापेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

मोठी स्वप्नं आहेतच. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात वेट ब्लूवरची आयातजकात पूर्ण माफ झाली आणि पादत्राणे व चर्मोद्योगासाठी २२ लाख रोजगारांची योजना जाहीर झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं आणि निर्यातवाल्यांनी हात आखडले. आमच्याच जिल्ह्यात माणगावजवळ रातवडला चर्मवस्तूंचं मोठं संकुल होणार असं जाहीर झालेलं आहे. न्हावा शेवा बंदर सुकापूरपासून फार लांब नाही, नवी मुंबईचा विमानतळ तर त्याहून जवळ. जागेच्या दृष्टीने सगळं जुळून येतं. संकुल झालं तर तिथे शेड बांधताना कुणीतरी एवढं बघावं, की शेजारी तासणारा आणि ठसेवाला आहे ना.

मालकांना विचारलं, रातवडला जाल का? ते म्हणाले, "मी जाईन. मास्टर येईल का, ते आधी त्याला विचारा." मी विचारलं. मास्टरने रापी दगडावर घासत विचारलं, "स्टेशन कितना दूर है?"

* * *

निघताना मालकांनी गोणीतून हातभर लांबीची एक पट्टी काढून दिली. पाठीची होती. अशी पट्टी सहसा गोणीत जात नाही. टोकाला गोचिडाचे तीन ठिपके होते म्हणून गेली होती. पैसे घ्यायला तयार होईनात. मी वजनकाट्यावर ठेवायला लावली आणि किलोच्या भावाने दिले.

दुसऱ्या दिवशी सुकापूरला काकांकडे गेले. त्यांनी पट्टी वाकवून बघितली, कड बघितली, नखाने दाबली आणि मान हलवली. दोऱ्याला मेण लावलं, आरीने भोकं पाडली आणि दोन सुयांनी हातशिलाई घातली, कारण इतकं जाड चामडं त्यांच्या मशीनला पेलत नाही. पाऊण तास लागला. गोचिडाचे ठिपके त्यांनी आतल्या बाजूला, बकलाखाली घेतले. न सांगता.

बॅगेचं बाकीचं अंग आता जागोजागी सोलायला लागलं आहे. पट्टा जसाच्या तसा आहे. त्याचे काकांनी ऐंशी रुपये घेतले, रोख, तिथल्या तिथे. चामड्याच्या या सगळ्या प्रवासात माल दिल्याबरोबर हातात पैसे पडलेला मला भेटलेला कारागीर एकटा तोच.